साडेअकरा हजार फुटांवरची बेडरूम

रात्रीचे अडीच वाजलेत. मी अंधारात डोळे टक्क उघडे ठेवून मैत्रिणीचे श्वास मोजतेय.

एक, दोन, तीन, चार... खोल आणि घाईघाईचे. मग एकदम शांतता. घोरणं नाही, सुस्कारा नाही, काहीच नाही. सहा सेकंद, आठ, दहा... मी घाबरून तिला हलवणार, तेवढ्यात ती पाण्याखालून वर आल्यासारखा एक मोठ्ठा श्वास घेते, कूस बदलते आणि पुन्हा सुरू. एक, दोन, तीन, चार.

कोपऱ्यात गॅसचा हीटर लालभडक पेटलाय. खिडक्या घट्ट बंद. अंगावर दोन रजया. बाहेर लेहमधली समस्त कुत्री कसल्याशा मीटिंगला जमलीयत. खोली उबदार आहे, गादी मऊ आहे, अंगात प्रवासाचा शीण आहे. थोडक्यात, गाढ झोपायला लागतं ते सगळं हजर. आणि झोपेचा पत्ता नाही.

ऑक्टोबरची सुरुवात होती. दसऱ्याच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही दोघी निघालो होतो. ती हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टीम लीड, मी फ्रीलान्सर. म्हणजे तिला रजा मिळत नाही आणि मला रजा म्हणजे काय ते माहीत नाही. सहा रात्री मिळवायला तिनं दोन वीकेण्ड काम केलं होतं. त्यामुळे एक तासही वाया घालवायचा नाही असा पण होता. विमानाची तिकिटं, गाडी, पँगाँगच्या काठावरचा टेण्ट, सगळं एक्सेल शीटमध्ये. कोणत्या पॉइण्टला कोणतं जॅकेट घालून फोटो काढायचा, त्याचासुद्धा एक कॉलम होता. खरं सांगते!

फक्त एक कॉलम नव्हता. 'झोप'. ती काय, रात्री आपोआप येते ना!

झोपेत ब्रेक

लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. एकावर एक दोन कळसूबाई ठेवली तरी लेह वर उरतंच. आणि विमानानं गेलात तर सकाळी दिल्लीत इडली आणि दहाच्या आत लेहमध्ये चहा. शरीराला काय झालंय ते कळायच्या आत तुम्ही तिथे उभे असता.

'वर ऑक्सिजन कमी असतो' असं आपण सहज म्हणतो. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथंही २१ टक्केच असतं. कमी असतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रकाठच्या दाबाच्या जेमतेम दोन-तृतीयांश भरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात हवा विरळ. एरवी मुंबईत तीन श्वासांत जेवढा ऑक्सिजन येतो, त्यातले दोन श्वासांएवढेच तुमच्या वाट्याला.

दिवसा हे आपण निभावून नेतो. जिना चढताना धाप लागली तर थांबतो, दोन श्वास जास्त घेतो. गंमत होते रात्री. ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून शरीर झोपेतही भराभर श्वास घ्यायला लागतं. त्या नादात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. आता गोची अशी, की झोपेत 'श्वास घे' ही आठवण मेंदूला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड करून देतो. तो घटला की मेंदू म्हणतो, चला, घाई नाही. श्वास काही सेकंद थांबतो. तेवढ्यात ऑक्सिजन आणखी उतरतो, धोक्याची घंटा वाजते आणि आपण दचकून मोठा श्वास घेतो. पुन्हा तेच चक्र. दर वेळी पूर्ण जाग येतेच असं नाही, पण झोप फुटत राहते. सकाळी वाटतं, रात्रभर कुणीतरी खांदा हलवत होतं.

याला डॉक्टर पिरिऑडिक ब्रीदिंग म्हणतात आणि हे काही आजचं नाही. इटलीतल्या आंजेलो मोस्सो या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोन्ते रोझा पर्वतावरच्या साडेचार हजार मीटर उंचीवरच्या झोपडीत झोपलेल्या माणसांच्या श्वासांचे आलेख काढले होते. भरभर श्वास, मग सपाट रेघ, मग पुन्हा भरभर. माझी मैत्रीण त्या रात्री हुबेहूब तोच आलेख काढत होती. फरक एवढाच, की मोस्सोला ते काय आहे ते कळत होतं. मला वाटत होतं, आता हिच्या आईला मी काय सांगू?

उबदार खोलीचा फंडा

आता त्या हीटरबद्दल.

संध्याकाळी ऊन गेल्यावर लेहमध्ये थंडी जिना उतरल्यासारखी उतरत नाही, लिफ्टनं येते. साडेसहाला आम्ही स्वेटरवर होतो, सातला थर्मल, स्वेटर, जॅकेट सगळं घालून रजईत. रूम बॉयनं चाकांवरचा गॅसचा हीटर ढकलत आणला. वर लाल जाळी, मागे सिलिंडर. पेटवता पेटवता तो म्हणाला, "मॅडम, सोने से पहले बंद कर देना. और खिड़की थोड़ी खुली रखना."

आम्ही "हां हां" म्हटलं. विमानात सीटबेल्टची सूचना ऐकताना म्हणतो ना, तसंच.

तो गेल्यावर मैत्रिणीनं खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबला. मी दाराखाली शाल सारली. वर स्वतःवर खूश! "बघ, कशी खोली तापवली." तिनं बॅगेतून रमची छोटी बाटली काढली, "झोप छान लागेल" म्हणून. निदान तेवढी अक्कल मला होती. पहिल्या रात्री दारू नको, असं मी कुठेतरी वाचलं होतं. कारण नंतर डॉक्टरांकडून कळलं. दारू किंवा सरसकट घेतली जाणारी झोपेची गोळी आपल्याला झोपवते ते श्वास मंदावून. जिथे श्वास आधीच अडखळतोय, तिथे त्याला आणखी गुंगी द्यायची नसते.

साडेतीनच्या सुमारास मैत्रीण उठून बसली. "डोकं फुटतंय गं."

माझंही ठणकत होतं. कपाळावर कुणी पट्टा आवळल्यासारखं. मळमळत होतं. दोघींच्या तोंडून एकच शब्द आला, "अल्टिट्यूड." मला तर जवळजवळ समाधान वाटलं. इंटरनेटवर वाचलेलं सगळं अगदी शिस्तीत होत होतं. तिनं बोटाला ऑक्सिमीटर लावला. कोविडच्या वेळी घेतलेला तो डबीतला प्राणी, आता प्रत्येकाच्या सॅकमध्ये असतो. आकडा काही फार वाईट नव्हता. "ठीक आहे, पाणी पी आणि झोप," मी म्हटलं.

त्या रात्री आम्हाला वाचवलं असेल, तर ते माझ्या ब्लॅडरनं. हसू नका. उंचीवर गेल्यावर शरीर सुरुवातीला जास्त लघवी करतं, हा तिथे जुळवून घेण्याचाच भाग आहे. तिसऱ्यांदा उठले. खोलीतल्या बाथरूमचा नळ गार पडून बंद झाला होता, म्हणून गॅलरीच्या टोकाच्या बाथरूमला गेले. येताना गॅलरीत रेंगाळले. आकाश असलं काही होतं, की मी थंडी विसरून पंधरा-वीस मिनिटं तिथेच उभी राहिले. आणि लक्षात आलं, डोकं जरा उतरलंय.

खोलीचं दार उघडलं तर आतून कोंदट, जड हवेचा झोत आला. दोन पावलं आत गेले आणि मनात चर्र झालं. उंची तर गॅलरीतही तेवढीच होती! मग बाहेर बरं कसं वाटलं? आणि दोघींचं डोकं एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं कसं दुखायला लागलं?

रूम बॉयचं वाक्य तेव्हा कुठे कानात शिरलं. सात तास उशिरा.

मी हीटर बंद केला, टॉवेल ओढून काढला, खिडक्या सताड उघडल्या. मैत्रीण ओरडत होती, "वेडी झालीस का? मरू ना थंडीनं!" तिला रजईसकट ओढत गॅलरीत आणलं. तिचे पाय लटपटत होते. उजाडेपर्यंत आम्ही तिथेच एका खुर्चीत दोघी कोंबून बसलो.

दोघींचं डोकं एकदमच

सकाळी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कमरे में क्या जल रहा था?"

ज्वलन अर्धवट झालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आम्हाला जी कोंदट हवा जाणवली ती नुसती कोंदट होती. हा वायू स्वतः नाकाला कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. विरळ हवेत ज्वलन अर्धवट राहण्याची शक्यताही वाढते. म्हणजे आधीच ऑक्सिजनची तंगी, त्यात हा पाहुणा येऊन उरलेल्या खुर्च्या अडवतो. आणि त्याची लक्षणं? डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळाठा. अगदी तीच, जी आपण 'अल्टिट्यूड' म्हणून सोडून देतो.

आणि तो ऑक्सिमीटर? तो या बाबतीत चक्क फसवतो. बोटावरच्या साध्या यंत्राला ऑक्सिजन चिकटलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. रक्त विषारी होत असताना तो छान आकडा दाखवू शकतो. आम्ही त्या आकड्यावर विसंबून पुन्हा झोपणार होतो.

आमचं नेमकं काय झालं होतं? "दोनों हो सकता है," डॉक्टर म्हणाले. उंची असेल, हीटर असेल, दोन्ही मिळून असेल. काही वेळ ऑक्सिजन लावला, दिवसभर आराम करायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत डोकी हलकी झाली. पण त्यांचं एक वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं. उंचीवर एकट्याचं डोकं दुखलं तर उंचीचा विचार करा. एका खोलीतल्या सगळ्यांचं एकदम दुखलं तर आधी खोलीबाहेर या, विचार नंतर.

झोपेबद्दल मात्र त्यांनी धीर दिला. पहिल्या दोन-तीन रात्री तुटक झोप लागणं म्हणजे आजारपण नव्हे. अल्टिट्यूड सिकनेस मोजायला जगभर 'लेक लुईस स्कोअर' नावाची प्रश्नावली वापरतात. झोप कशी लागली, हा प्रश्न २०१८मध्ये तिच्यातून काढूनच टाकलाय, कारण उंचीवर झोप बिघडते ती आजारी नसलेल्यांचीही. पण वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, तोल जाणं, बसल्या जागी धाप, असंबद्ध बोलणं यातलं काही दिसलं तर झोपून बरं व्हायची वाट बघायची नाही. खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

अमा-लेची खोली

त्या दुपारी आम्ही हॉटेल सोडलं आणि गल्लीतल्या एका होमस्टेमध्ये गेलो. हॉटेलवर राग नव्हता, त्यांच्या पोरानं तर बजावून सांगितलं होतं. पण ती खोली पुन्हा बघायची हिंमत नव्हती.

होमस्टेच्या मालकीणबाई साठीच्या. लडाखीत 'अमा' म्हणजे आई आणि 'ले' म्हणजे आपलं 'जी'. त्यांनी "जुले" म्हणत आमचे सुजलेले चेहरे बघितले, किस्सा ऐकला आणि कपाळावर हात मारला.

त्यांच्या घरात शेगडी होती, पण एकच, स्वयंपाकघरात. हे स्वयंपाकघर म्हणजे हॉलच. भिंतीला मांडून चकचकीत पितळी भांडी, बाजूनं गालिचे, मध्ये लोखंडी बुखारी आणि तिचा पाइप थेट छताबाहेर. संध्याकाळी सगळं घर तिथे. गप्पा, टीव्ही, थुकपा, लोण्याचा गुर-गुर चहा, सगळं त्या उबेत. आणि झोपायची वेळ झाली की बुखारी विझवून सगळे आपापल्या थंड खोल्यांत!

"हीटर लगा के सोते नहीं?" मी विचारलं.

"सोने के लिए आग नहीं चाहिए," अमा-ले म्हणाल्या. "सोने के लिए कंबल चाहिए."

आमची खोली दक्षिणेकडची. जुन्या पद्धतीच्या जाडजूड मातीच्या विटांच्या भिंती, मोठी खिडकी उन्हाच्या बाजूला, उत्तरेला एकही नाही. दिवसभर लडाखचं ते कडक ऊन आत येतं, भिंती ते पिऊन घेतात आणि रात्री हळूहळू परत देतात. या साध्या युक्तीवर तिथे पुढे बरंच काम झालंय. लेहजवळच्या फे गावातल्या 'सेकमॉल' संस्थेच्या मातीच्या इमारती कडाक्याच्या हिवाळ्यातही मुख्यतः उन्हावर उबदार राहतात. अमा-लेंचा हिशोब त्याहून सोपा होता. चार वाजता ऊन उतरायला लागलं की पडदे बंद. "गर्मी अंदर बंद कर दिया," म्हणाल्या.

मग त्यांनी आमच्या झोपेची तयारी केली. मी नुसती बघत राहिले. एका जड रजईऐवजी तीन हलकी पांघरुणं, म्हणजे उकडलं तर एक काढता येतं. प्रत्येकीच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी. उशा दोन-दोन. खिडकीची वरची झडप चार बोटं उघडी. कोपऱ्यात पाण्यानं भरलेलं पसरट पातेलं, खुर्चीवर ओला टॉवेल. उशाशी थर्मास. आणि डोक्याला लोकरी टोप्या, त्या त्यांच्याच.

एरवी मी याला 'आजीचे उपाय' म्हणून हसले असते. पण एकेकाचा हिशोब लावत गेले तर बहुतेकांना ठोस कारण निघालं.

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं. भट्टीसारख्या खोलीत ते उतरत नाही; म्हणून डोकं गार हवेत आणि अंग उबेत हे सगळ्यात छान. आणि पाय गरम? स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी १९९९मध्ये दाखवून दिलं, की हातापायांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या की झोप लवकर लागते. पायाशी पिशवी ठेवली की पायांतून उष्णता बाहेर पडते आणि आतलं शरीर निवतं. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

पातेल्याचं कारण कोरडी हवा. लेहमध्ये वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे एका जुलैच्या दिवशी पडतो तेवढा! त्या हवेत हीटर लावला की उरलीसुरली ओलही जाते. नाक सुकतं, चोंदतं, मग तोंडानं श्वास, मग घशाला कोरड, मग जाग. पातेल्यानं फार मोठा फरक पडत नसेलही, पण ओल्या टॉवेलच्या खोलीत माझं नाक सकाळी माझंच वाटत होतं.

आणि खिडकी. इथे एक गैरसमज दूर करू. खिडकी उघडली म्हणून खोलीत 'जास्त ऑक्सिजन' येत नाही. बाहेरही तीच विरळ हवा आहे. पण बंद खोलीत दोन माणसांच्या श्वासांनी साचलेली शिळी हवा निघून जाते. डेन्मार्कमध्ये वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांवर २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खेळती हवा असलेल्या खोल्यांत झोप चांगली लागली आणि दुसऱ्या दिवशी डोकंही बरं चाललं. तो अभ्यास उंचीवरचा नव्हता. म्हणजे हा धडा वाकडच्या वन बीएचकेलाही लागू आहे.

त्या रात्रीही मैत्रिणीचा श्वास थांबत होता. मी मोजला. पण तीन-चारदा मोजता मोजता मलाच झोप लागली.

झोपायचं कुठे?

तिसऱ्या दिवशी भांडण झालं. अर्थात एक्सेल शीटवरून.

शीटप्रमाणे आम्ही त्या रात्री पँगाँगच्या काठावर झोपणार होतो. 'थ्री इडियट्स' २००९मध्ये आला तेव्हापासून तिचं ते स्वप्न. टेण्टचे पैसे भरलेले. पण पँगाँग सव्वाचार हजार मीटरच्या वर. म्हणजे लेहपेक्षा साडेसातशे मीटर उंच झोपायचं, आणि तेही कापडी भिंतींच्या खोलीत. डॉक्टरांचा नियम होता, तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. दिवसा वर जा, हरकत नाही. झोपायला खाली या.

"दोन वीकेण्ड काम केलंय मी या रजेसाठी," ती म्हणाली. आवाज रडवेला होता. मला काय बोलावं कळेना. कारण ती बरोबर होती. आपल्या सुट्ट्या मोजून मिळतात आणि डोंगराला आपला लीव्ह बॅलन्स दिसत नाही.

मग मी तिला खगोलशास्त्रज्ञांची गोष्ट सांगितली. हवाईमधल्या मौना केआ पर्वतावरच्या दुर्बिणी ४,२०० मीटरवर आहेत; तिथे काम करणारे शास्त्रज्ञ झोपायला २,८०० मीटरवर उतरतात. चिलीमधली अल्मा दुर्बीण पाच हजार मीटरवर. तिथली माणसं झोपतात २,९०० मीटरवर. आणि आपल्या लडाखमधल्या हानलेची दोन मीटरची चंद्रा दुर्बीण तर साडेचार हजार मीटरवरून उपग्रहामार्फत थेट बंगळूरूजवळच्या होसकोटेहून चालवली जाते. एवढी हुशार माणसं झोपेसाठी खाली येतात, तर आपण कोण लागून गेलो?

पैसे टाकले तर दुसराही मार्ग असतो. पेरूमधल्या कुस्कोत, तिबेटमधल्या ल्हासात काही हॉटेलं खोलीतल्या हवेत थोडा ऑक्सिजन सोडतात. जॉन वेस्ट या शरीरशास्त्रज्ञानं मांडलेला हिशोब असा, की खोलीतलं ऑक्सिजनचं प्रमाण एक टक्क्यानं वाढवलं तर शरीराला आपण सुमारे तीनशे मीटर खाली आल्यासारखं वाटतं. म्हणजे २१चे २४ टक्के केले, की लेहची खोली दोन हजार सहाशे मीटरवर उतरली! पण त्याला मोजमाप आणि आगीची काळजी लागते. बाजारात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या डब्या उशाशी ठेवून हे होत नाही. त्या काही मिनिटांतच संपतात.

आम्ही फुकटचा मार्ग निवडला. टेण्ट रद्द केला, अर्धे पैसे बुडाले. चौथ्या दिवशी खार्दुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यात हुंदरला गेलो. खिंड ५,३५९ मीटरवर, पण हुंदर लेहपेक्षाही खाली, तीन हजारांच्या आसपास. त्या रात्री मैत्रिणीला मी सकाळी आठला हलवून उठवलं. पाचव्या दिवशी लेहला परत आणि सहाव्या दिवशी पहाटे पाचला निघून पँगाँग. एका दिवसात जाऊन-येऊन, दहा-अकरा तासांचा प्रवास. पाठीचा पार भुगा झाला. पण दुपारच्या उन्हात ते निळं पाणी बघताना आमची डोकी जागेवर होती. सूर्योदय हुकला, हे मान्य. ती अजूनही टोमणा मारते.

परत आल्यावर

निघताना अमा-लेंच्या हातावर त्यांच्या दोन्ही टोप्या ठेवल्या. त्यांनी त्या परत आमच्या डोक्यावर चढवल्या. "पुणे में ठंडा नहीं होता?" "होता है, थोड़ा." "तो खिड़की खोल के सोना."

पुण्यात परतलो त्या रात्री मैत्रीण माझ्याकडेच राहिली. सवयीनं मला मध्येच जाग आली. सवयीनं मी तिचे श्वास मोजले. एक, दोन, तीन... वीस... तीस... एकही सुट्टी नाही. सलग, कंटाळवाणे, सुंदर श्वास. मी उठले, खिडकी चार बोटं उघडली आणि झोपले.

बॅग भरण्याआधी: खोलीची चेकलिस्ट

• बुकिंग करताना व्ह्यूआधी विचारा: खोलीला ऊन येतं का, खिडकी उघडते का, गरम कशानं करतात?

• गॅस, कोळसा, रॉकेल यावरचं काहीही पेटतं ठेवून झोपायचं नाही. खोली आधी तापवा, विझवा, हवा बदला, मग पांघरुणात शिरा. 'खिडकी उघडी आहे ना' ही गॅरंटी नव्हे.

• बॅटरीवरचा छोटा कार्बन मोनॉक्साइड अलार्म सोबत ठेवा. ऑक्सिमीटर त्याचं काम करत नाही.

• एका खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी किंवा मळमळ? आधी बाहेर पडा, मग डॉक्टर गाठा.

• विमानानं गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम. झोपायची उंची हळूहळू वाढवा.

• पहिल्या रात्री दारू नको. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं नको. डायमॉक्स काहींना उपयोगी पडते आणि रात्रीचा श्वासही सुधारते, पण सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर सांगा आणि निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

• गरम पाण्याची पिशवी, लोकरी टोपी, पातळ पांघरुणांचे थर, डोळ्यांवरची पट्टी आणि कानात घालायचे बोळे. शेवटची वस्तू लेहच्या कुत्र्यांसाठी. त्यांच्यावर अजून कुणाकडेही उपाय नाही!